अकरा नंबरचं चॅनेल
अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्हीवरचे माहितीपट कसे गाठावेत

भारतातून आई-वडील आले की पहिले दोन आठवडे उडून जातात. झोपेचं गणित बसवायचं, देवळात जायचं, मंडळातल्या चार घरची जेवणं करायची. मग एका सोमवारी आपण कामावर जातो, मुलं शाळेत जातात आणि घरात दोन माणसं, एक भलामोठा टीव्ही आणि तीन रिमोट उरतात. कराडला आमचे अण्णा सगळीकडे अकरा नंबरच्या बसने जायचे, म्हणजे पायी. शिकागोच्या उपनगरात पायी जाऊन पोचावं असं ठिकाणच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खिडकीत बसून गाड्या मोजायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांना दुसरा अकरा नंबर लावून दिला.

शिकागोत अकरा नंबरवर डब्ल्यूटीटीडब्ल्यू हे सार्वजनिक स्टेशन लागतं. ही आद्याक्षरं ‘विंडो टू द वर्ल्ड’ची आहेत. स्टेशन १९५५ पासून चालू आहे. तासभर अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, मध्ये जाहिरात कशी नाही आली?” पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: “हे इथलं दूरदर्शन का?”

मंडळात हा प्रश्न मला आणखी सात-आठ जणांनी विचारला आहे. यातले काहीजण इथे वीस वर्षं राहतात, पण घरच्या टीव्हीवर फुकटात लागणारी ही वाहिनी त्यांनी कधी पाहिलेली नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांसाठी हा लेख आहे.

दूरदर्शनशी तुलना केली की चटकन कळतं, कारण अकरा नंबर ज्यात येतो त्या पीबीएसची, म्हणजे इथल्या सार्वजनिक टीव्हीच्या जाळ्याची, रचना बरोबर उलटी आहे. दूरदर्शन ही एक संस्था आहे आणि केंद्रं तिच्या फांद्या. पीबीएसमध्ये आधी स्टेशनं येतात. देशभरात अशी सव्वातीनशेहून जास्त सदस्य स्टेशनं आहेत. त्यांतली कुणी विद्यापीठाची, कुणी राज्याची, कुणी गावातल्या विश्वस्त संस्थेची. १९६९ मध्ये पीबीएस उभी राहिली ती स्टेशनांची सामायिक संस्था म्हणून. ती स्वतः कार्यक्रम बनवत नाही. माहितीपट बनतात ते स्टेशनांमध्ये किंवा स्वतंत्र दिग्दर्शकांकडे. ‘नोव्हा’ आणि ‘फ्रंटलाइन’ बॉस्टनच्या जीबीएचचे, ‘नेचर’ आणि ‘अमेरिकन मास्टर्स’ न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटीचे.

हा इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. कुठला कार्यक्रम किती वाजता दाखवायचा हे तुमचं स्टेशन ठरवतं. न्यू जर्सीतली मैत्रीण फोनवर म्हणते, “आज नऊला बघ हं, छान आहे,” आणि तुमच्याकडे नऊला भलतंच काही चालू असतं. कार्यक्रमाच्या झलकीखाली ‘चेक लोकल लिस्टिंग्ज’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. तसंच ‘९/८ सी’ असं दिसलं तर त्याचा अर्थ पूर्व किनाऱ्यावर नऊ आणि आमच्याकडे, म्हणजे मध्य विभागात, आठ. पश्चिम किनाऱ्यावरची स्टेशनं बहुधा त्यांच्या घड्याळाने पहिलाच आकडा पाळतात. सिअ‍ॅटलच्या नातवाने आजोबांना सांगितलेली वेळ टेक्सासमध्ये चुकते ती इथेच.

आता हे स्टेशन पडद्यावर आणायचं कसं?

सर्वांत स्वस्त उपाय अँटेनाचा. हे सांगितलं की तरुण मंडळी हसतात आणि वडीलधाऱ्यांचे डोळे चमकतात. कौलावर चढून “आता आलं का?” असं ओरडलेली पिढी ती. आता कौल नको. खिडकीच्या काचेला चिकटणारा कागदासारखा पातळ अँटेना दुकानात मिळतो, एकदा पैसे मोजले की महिन्याचं भाडं नाही. एफसीसी या प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टीव्ही प्रक्षेपणाचा नकाशा आहे. त्यात घरचा पत्ता टाकला की कुठलं स्टेशन कुठल्या दिशेकडून आणि किती जोरात येतं ते दिसतं. आमच्या भागात बहुतेक प्रक्षेपण शहरातल्या विलिस टॉवर आणि जुन्या हॅनकॉक इमारतीवरून होतं, म्हणून अँटेना शहराकडच्या खिडकीत लावायचा. उष्णता अडवणाऱ्या नव्या काचांवर धातूचा पातळ थर असतो, तो लहरीही अडवतो. चित्र तुटत असेल तर अँटेना काचेवरून काढून शेजारच्या भिंतीवर लावून पाहा. जागा बदलली की टीव्हीला पुन्हा एकदा चॅनेल शोधायला लावायचं. बरेचजण नेमकं हे विसरतात आणि अँटेना परत करून येतात.

अँटेनाचा आणखी एक फायदा आहे. एकाच नंबराखाली उपवाहिन्या असतात: ११.१, ११.२ अशा. अनेक स्टेशनांच्या उपवाहिनीवर ‘वर्ल्ड’ नावाची वाहिनी लागते. तिच्यावर बहुतेक वेळ माहितीपटच असतात, आणि मुख्य वाहिनीवर हुकलेला भाग तिथे पुन्हा सापडण्याची शक्यता बरीच. आमच्या केबलवाल्यांच्या यादीत ती चार आकडी नंबरावर लपली होती. मला सापडायला दोन वर्षं लागली.

अँटेना नको असेल तर पीबीएसचं मोफत अ‍ॅप आहे. ते उघडल्यावर आधी आपलं स्टेशन निवडायचं. हे नीट करा, कारण पुढचं वेळापत्रक आणि थेट प्रक्षेपण त्यावर ठरतं. वडीलधाऱ्यांसाठी मात्र माझं मत अँटेनाकडे झुकतं. अ‍ॅपमध्ये निवडायला हजार गोष्टी असतात. अण्णा दहा मिनिटं चित्रं सरकवत बसायचे आणि शेवटी टीव्ही बंद करून मोबाइलवर सांगलीच्या बातम्या लावायचे. नंबर दाबला की जे लागेल ते बघायचं, यात एक सुख आहे.

तरीही ‘जे लागेल ते’ याला थोडी शिस्त लावता येते. सार्वजनिक टीव्हीवर माहितीपट सुटे येत नाहीत, मालिकेच्या छत्राखाली येतात, आणि मालिकेला साधारण ठरलेला वार असतो. म्हणून एकेका माहितीपटाचं नाव शोधण्यापेक्षा चार-पाच मालिका ओळखीच्या करून घ्याव्यात.

बुधवार सर्वांत सोपा. आधी ‘नेचर’, मग ‘नोव्हा’. ‘नेचर’ १९८२ पासून चालू आहे. इंग्रजीशी फारशी ओळख नसलेल्या आईसाठी सुरुवात इथून करा. पिल्लू वाचणार की नाही हे कळायला भाषा लागत नाही. ‘नोव्हा’ ही विज्ञानाची मालिका १९७४ ची. तिच्यात कधी ज्वालामुखी, कधी विषाणू, कधी गणित. रामानुजन यांच्यावरचा एक भाग तिने १९८८ मध्ये दाखवला होता. निवृत्त शिक्षक, इंजिनिअर, डॉक्टर अशा पाहुण्यांना तीच आवडते, असा माझा अनुभव. फक्त पाहताना वही जवळ ठेवा, प्रश्न तुम्हालाच विचारले जाणार आहेत.

मंगळवारी रात्री ‘फ्रंटलाइन’. १९८३ पासून चालू असलेली ही शोधपत्रकारिता आहे: युद्ध, औषध कंपन्या, निवडणुका, बँका. अमेरिकेचं राजकारण व्हॉट्सअ‍ॅपवरून समजून घेणाऱ्या माणसाला वर्षातून दहा ‘फ्रंटलाइन’ दाखवावेत, असं मला फार वाटतं. तिचा मोठा गुण असा की बहुतेक माहितीपटांची लिखित संहिता संकेतस्थळावर मिळते आणि काही विषयांवरच्या लांबलचक मूळ मुलाखतीही त्यांनी खुल्या केल्या आहेत. अण्णा आदल्या दिवशी संहितेचे छापील कागद वाचतात, मग पाहतात. परीक्षेला बसल्यासारखे.

सोमवार रात्र स्वतंत्र दिग्दर्शकांची. शरद ऋतूपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ‘इंडिपेंडंट लेन्स’ आणि साधारण उन्हाळ्यापासून पुढे ‘पीओव्ही’. म्हणजे आई-वडील मे महिन्यात आले असतील तर त्यांच्या वाट्याला बहुतेक ‘पीओव्ही’ येणार. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचं नाव ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’वरून आलं आहे, आणि ते प्रामाणिक आहे. दिग्दर्शक स्वतःची नजर लपवत नाही. ‘फ्रंटलाइन’मध्ये दोन्ही बाजूंचे पुरावे समोर ठेवलेले असतात. ‘पीओव्ही’त तुम्ही एका माणसाच्या घरात जाऊन बसता. ‘बाकीची बाजू कुठे आहे?’ असं कुणी तुमच्या दिवाणखान्यात विचारलं तर हा फरक सांगा.

मराठी माणसाने जपून ठेवावीत अशी काही नावं या दोन मालिकांतच आहेत. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२४ मध्ये ‘पीओव्ही’वर आला. मुंबईच्या कोळीवाड्यातले दोन मित्र. एक बापाच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ जाळं टाकणारा, दुसरा शिकून आलेला, खोल समुद्रात एलईडीच्या झोतावर मासळी पकडू पाहणारा आणि कर्जात बुडत चाललेला. सनडान्स महोत्सवात २०२३ मध्ये त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. इलिनॉयच्या दिवाणखान्यात टीव्हीतून कोळी बोली ऐकू आली तेव्हा स्वयंपाकघरातून आई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. निशा पाहुजा यांचा ‘द वर्ल्ड बिफोर हर’ २०१३ मध्ये ‘पीओव्ही’वर आला. एकीकडे मुंबईत सौंदर्यस्पर्धेची तयारी करणाऱ्या मुली, दुसरीकडे औरंगाबादेतल्या दुर्गावाहिनीच्या शिबिरातल्या मुली. त्यावर घरात वाद होणार, हे गृहीत धरूनच लावा. ‘खबर लहरिया’च्या दलित महिला पत्रकारांवरचा ‘रायटिंग विथ फायर’ २०२२ मध्ये ‘इंडिपेंडंट लेन्स’वर दाखवला गेला, तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला होता. रवीश कुमार यांच्यावरचा ‘व्हाइल वी वॉच्ड’ २०२३ मध्ये ‘पीओव्ही’वर. भारतातल्या टीव्हीवर ज्या विषयाला सहसा तास मिळत नाही तो इथल्या सार्वजनिक टीव्हीवर भेटतो, याचं अण्णांना आधी नवल वाटलं आणि मग थोडा रागही आला. राग कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढे काय येणार आहे हे कळायचे तीन साधे मार्ग आहेत. आपल्या स्टेशनचं मासिक वेळापत्रक ई-मेलने मागवा. वर्गणीदारांना काही स्टेशनं ते छापूनही पाठवतात. ज्या मालिका आवडल्या त्यांच्या बातमीपत्रांना नाव नोंदवा. आणि कार्यक्रम संपला की लगेच उठू नका, शेवटच्या मिनिटात पुढच्या भागाची झलक असते. दर रविवारी रात्री मी फ्रिजवरच्या कागदावर आठवड्यातल्या दोनच गोष्टी लिहिते: वार, वेळ, नाव. दोनच. यादी सातची झाली की एकही बघितली जात नाही.

वर्षाचाही एक ताल असतो. मोठ्या, अनेक रात्री चालणाऱ्या मालिका बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतात. दिग्दर्शक केन बर्न्स यांचा ‘द सिव्हिल वॉर’ १९९० च्या सप्टेंबरात सलग पाच रात्री चालला आणि जवळपास ४ कोटी लोकांनी तो पाहिला. जुन्या छायाचित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकवण्याच्या त्यांच्या पद्धतीला तर त्यांचंच नाव पडलं. २०१७ मध्ये ‘द व्हिएतनाम वॉर’ १० भागांत १८ तासांचा होता. ‘द अमेरिकन रेव्होल्यूशन’ १६ नोव्हेंबर २०२५ पासून सहा रात्री, एकूण १२ तास. असली मालिका पाहुण्यांबरोबर रोज दोन तास पाहू नका. तिसऱ्या रात्री माणसं पेंगतात आणि मग अपराधी वाटून सोडून देतात. शनिवारी एक भाग, जेवणाआधी, हे प्रमाण पुरतं. आणि सगळे १२ तास पाहिलेच पाहिजेत असंही नाही. बर्न्स यांच्यात पसारा आहे. एखाद्या भागात तेच तेच वाटलं तर पुढच्यावर जायला हरकत नाही.

काही महिन्यांत उलटं घडतं. मार्च, ऑगस्ट, डिसेंबर अशा दिवसांत स्टेशनं देणग्या गोळा करतात. तेव्हा नेहमीचे माहितीपट बाजूला जातात आणि जुन्या गायकांच्या मैफली व आरोग्यावरची व्याख्यानं सुरू होतात, मध्येमध्ये हात पसरून आर्जवं. नेमक्या त्या आठवड्यात पहिल्यांदा चॅनेल लावणाऱ्याला वाटतं, हेच का ते प्रसिद्ध पीबीएस? पंधरा दिवस थांबा. किंवा ‘वर्ल्ड’ वाहिनी लावा, तिथे गडबड कमी असते.

इंग्रजीचा प्रश्न खरा आहे, पण वाटतो तितका मोठा नाही. आपल्याकडच्या शिकलेल्या ज्येष्ठांचं वाचनाचं इंग्रजी ऐकण्याच्या इंग्रजीपेक्षा कितीतरी चांगलं असतं. अडतो तो अमेरिकी उच्चार. रिमोटवरचं ‘सीसी’ बटण दाबून अक्षरं चालू करा, अक्षरांचा आकार मोठा करा आणि ते परत बंद करू नका. राष्ट्रीय टीव्हीवर अक्षरांसह कार्यक्रम दाखवण्याची सुरुवात १९७२ मध्ये बॉस्टनच्या जीबीएच या सार्वजनिक स्टेशनाने केली, ज्युलिया चाइल्ड यांच्या पाककृतीच्या कार्यक्रमापासून. कर्णबधिरांसाठी केलेली ती सोय आता कराडच्या एका भूगोल शिक्षकाच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, कामी येते आहे.

घरात लहान मुलं असतील तर वेळेकडे लक्ष ठेवा. खुल्या प्रक्षेपणात असभ्य भाषा वा दृश्यं रात्री १० ते सकाळी ६ याच वेळात चालतात, असा एफसीसीचा नियम आहे. उशिराच्या माहितीपटाआधी कोपऱ्यात ‘टीव्ही-१४’ किंवा ‘टीव्ही-एमए’ दिसलं तर नातवंडांना झोपवून मग लावा. उलट कधी प्रक्षेपणासाठी चित्रपट कापून तासाभरात बसवलेला असतो. महोत्सवात दीड तासाचा होता आणि इथे ५३ मिनिटांचा दिसतोय असं झालं तर पूर्ण आवृत्ती शोधावी.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या: सुरुवातीला आणि शेवटी येणारी पैसे देणाऱ्यांची नावं वाचायची. जाहिरात नाही म्हणजे कुणाचे पैसेच नाहीत असं नव्हे. कोक बंधू या धनाढ्य उद्योगपतींच्या राजकीय पैशावरच्या ‘सिटिझन कोक’ या माहितीपटातून सार्वजनिक निधी देणाऱ्या आयटीव्हीएस या संस्थेने २०१३ मध्ये अंग काढून घेतलं आणि त्यावर बराच गदारोळ झाला. त्या काळात कोक बंधूंपैकी एकजण मोठ्या सार्वजनिक स्टेशनांचा देणगीदार आणि विश्वस्तही होता. दिग्दर्शकांनी मग लोकांकडून वर्गणी गोळा केली. विज्ञानाचा ‘नोव्हा’ कितीही आवडला तरी त्याच्या देणगीदारांच्या यादीतही तेच नाव होतं, हे माहीत असलेलं बरं. बघायचं सोडू नका, पण वाचत जा.

पैशाचाच विषय निघाला आहे तर आताची परिस्थिती सांगते. १९६७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सीपीबी या महामंडळामार्फत केंद्राचा पैसा स्टेशनांना मिळत होता. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने त्यासाठी आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर रद्द केले आणि ऑगस्टमध्ये महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरांतली स्टेशनं देणग्यांवर तग धरतात. खेड्यापाड्यांतल्या स्टेशनांचा मोठा हिस्सा याच पैशातून येत होता, त्यांचे हाल जास्त. म्हणून मागच्या वर्षीचं वेळापत्रक यंदा तसंच असेल असं धरून चालू नका. मालिकांचे भाग कमी होऊ शकतात, वार बदलू शकतात.

वर्गणीचं गणित सोपं आहे. बहुतेक स्टेशनांत महिना ५ किंवा वर्षाला ६० डॉलर दिले की ‘पासपोर्ट’ मिळतो, म्हणजे अ‍ॅपमधले जुने माहितीपट खुले होतात. पासपोर्ट नसेल तर नवा माहितीपट प्रक्षेपणानंतर काही काळच मोफत राहतो, म्हणून ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका. देणगी देण्याआधी तुमच्या कंपनीत जोडदेणगीची सोय आहे का ते बघा, बऱ्याच आयटी कंपन्या तुमच्या साठात आपले साठ घालतात. कापडी पिशवी, कप वगैरे भेटी नाकारल्या तरी चालतं. त्यांची किंमत करसवलतीतून वजा होते, आणि पिशव्यांची आपल्या घरात वाण नसते.

पैसे खर्च करायचेच नसतील तर गावातलं ग्रंथालय आहे. कार्डावर ‘कॅनोपी’ हे अ‍ॅप मिळतं का विचारा, त्यात पीबीएसचे पुष्कळ माहितीपट आहेत. जुन्या मालिकांच्या डीव्हीडी तर तिथे धूळ खात पडलेल्या असतात. आई-वडिलांना ग्रंथालयात घेऊन जा आणि शोधायचं काम त्यांच्यावर सोपवा. दुपार सत्कारणी लागते. स्टेशनं कधीकधी आगामी माहितीपट ग्रंथालयात आधी मोफत दाखवतात, पाठीमागे चर्चा आणि बिस्किटं. अण्णा अशा एका कार्यक्रमात उठून उभे राहिले आणि त्यांनी मिसिसिपीच्या गाळाबद्दल प्रश्न विचारला. उत्तर देणाऱ्या बाईंनी नंतर त्यांच्याजवळ येऊन कृष्णा-कोयनेच्या संगमाबद्दल अर्धा तास विचारून घेतलं.

परतीच्या आधी एक काम करायला विसरू नका. पीबीएसच्या अ‍ॅपमधले बहुतेक कार्यक्रम भारतात उघडत नाहीत. हे अण्णांना मी सांगितलं नव्हतं, आणि कराडला पोचल्यावर पहिल्याच बुधवारी माझा फोन वाजला. ‘फ्रंटलाइन’चे पुष्कळ पूर्ण माहितीपट यूट्यूबवर आहेत. निघण्याच्या आठवड्यात ते चॅनेल त्यांच्या मोबाइलवर नोंदवून द्या आणि अक्षरं कुठे चालू करायची ते वहीत चित्र काढून लिहून द्या. त्यांच्याकडची सकाळ म्हणजे आपली आदली रात्र. त्यांनी संहिता आधीच वाचलेली असणार, तेव्हा फोन घेण्यापूर्वी आपणही माहितीपट पाहून ठेवलेला बरा.